टकटकेशेठ आणि रंगवलेले ओंडके

पेठेच्या टोकाला लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मालकाला सगळी पेठ टकटकेशेठ म्हणायची. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर नुसतं "शेठ". पण पाठ वळली की टकटके, कारण हा गृहस्थ समोर येईल ती वस्तू बोटांच्या पेरांनी वाजवून बघितल्याशिवाय पुढे सरकत नसे. कलिंगड वाजवायचा, ते एक समजू शकतो. हा माणूस बँकेतला काउंटर वाजवायचा, वकिलाचं टेबल वाजवायचा. चुलतभावाने नवा फ्लॅट घेतला आणि हौसेने दाखवायला बोलावलं, तर यांनी उंबऱ्यातच दार वाजवलं, "आत पुठ्ठा आहे," असं जाहीर केलं आणि मग चपला काढल्या. चुलतभाऊ पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हता. दार मात्र त्याने बदललं. दातांच्या डॉक्टरने एकदा यांचाच दात वाजवून बघितला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक डॉक्टर पटला.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, शिक्षण होतं, असं ते स्वतः म्हणायचे. आणि त्या शिक्षणाची फी त्यांनी तरुणपणीच भरली होती. वखार नवीन असताना त्यांनी एक भला जाडजूड ओंडका विकत घेतला. त्याच्या दोन्ही तोंडांना काळा रंग फासलेला होता. विकणारा गोडबोल्या म्हणाला, "शेठ, तडे जाऊ नयेत म्हणून लावलाय. आम्ही लाकडाला लेकरासारखं जपतो." ओंडका आरामशीनवर चढवला तेव्हा कळलं की आत मोठी ढोली आहे, ढोलीत चिखल आणि भुसा ठासलाय, तोंडावर लाकडाची चकती बसवलीय आणि त्यावर तो काळा रंग. करवतीची पाती तुटली ती वेगळीच. सगळी पेठ हसायला आली होती, आणि हसणाऱ्यांनी जाताना चहाही पिऊन घेतला.

दुसऱ्या कुणी तो ओंडका जाळून टाकला असता. यांनी तो वखारीच्या दाराशी उभा केला. पुढे गिऱ्हाइकं त्यात छत्र्या ठेवू लागली. येता-जाता तो नजरेला पडावा आणि पुन्हा कुणावर विश्वास ठेवायची बुद्धी होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. तेव्हापासून वखारीत आलेल्या प्रत्येक ओंडक्याची एकच परीक्षा. खिशातल्या चाकूने तोंडावर दोन तिरके फराटे ओढायचे, एकावर एक, फुलीसारखे. आतलं लाकूड बघायचं. मग कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोका. खणखणीत वाजलं तर आत घ्यायचं, बद्द वाजलं तर परत. रंग लावलेलं तोंड दिसलं की फराटे दुप्पट जोरात.

या छत्र्यांच्या ओंडक्यात वखारीच्या मालकाची एकुलती एक लेक लहानाची मोठी झाली, असं म्हटलं तरी चालेल. आई दुपारची तिला वखारीत सोडून जायची आणि ही छत्र्या बाहेर काढून स्वतः आत शिरून बसायची. म्हणून तिचं नाव पडलं खारूताई, आणि पुढे नुसतं खारू. आत बसून ती प्रश्न विचारायची.

"बाबा, याच्यात कोण राहायचं?"

"चोर," बाप बाहेरून सांगायचा.

"मग मुंग्या कशाला आल्यात?"

यावर बाप दुसरा ओंडका वाजवायला निघून जाई.

तर अशी ही खारू बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली, आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मला वनशास्त्राला जायचंय."

टकटकेशेठचा हात ताटातच थांबला. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की पोरगी हिशेब शिकेल, वखारीच्या ऑफिसात पंख्याखाली बसेल आणि आपल्याला एक तरी माणूस असा मिळेल ज्याचा हिशेब पुन्हा तपासावा लागणार नाही. खरं तर तपासलाच असता, पण कमी वेळा.

"जंगलाला पदवी कशाला लागते? झाड वाढताना कुणाकडे दाखला मागतं का?"

"झाडाला नाही लागत, बाबा. माणसाला लागते." खारूने आपलं ताट बाजूला केलं आणि बोटांवर मोजत सांगायला लागली. "त्या संस्थेत चार अभ्यासक्रम आहेत. पहिला वनशास्त्र. रोप तयार करण्यापासून जंगल मोजण्यापर्यंत सगळं."

"जंगल मोजतात?"

"हो."

"मग मोजलेलं तपासतं कोण?"

आई म्हणाली, "अहो, तिला बोलू तर द्या."

"दुसरा, नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन. पाणी, माती, गवत, जंगल आणि त्यांच्यावर जगणारी माणसं, असा सगळ्याचा एकत्र विचार."

"एवढं लांब नाव? डब्यात काही नसलं की झाकणावर लांबलचक लिहितात."

"तिसरा वन्यजीव."

"बरं झालं," आई म्हणाली, "तिथे तरी तुझे बाबा यायचे नाहीत. वाघाला वाजवून बघता येत नाही."

"आणि चौथा काष्ठ तंत्रज्ञान. लाकूड वाळवणं, कीड, जोड, प्लायवूड."

टकटकेशेठ एकदम सरसावून बसले. "म्हणजे आपलंच की! मग हे घे. शिकून आलीस की वखार आहेच."

"मला पहिला हवाय."

"का?"

"लाकूड मी जन्मभर बघितलंय. मला झाड बघायचंय."

उत्तर साधं होतं, पण साध्या उत्तरावर विश्वास ठेवायचा तर ते टकटकेशेठ कसले! त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. वनशास्त्र शिकलेली माणसं पुढे जातात कुठे? वनखात्यात. आणि वनखात्याची जीप पेठेत शिरली की टकटकेशेठ परवान्यांचा गठ्ठा पुन्हा तपासायला घ्यायचे. त्यांच्या वखारीत चोरीचं लाकूड नव्हतं, परवाने सगळे जागच्या जागी होते. पण वर्गात अभ्यास केलेल्या मुलालाही मास्तर दिसला की घाम फुटतोच.

"म्हणजे उद्या अधिकारी होऊन माझ्याच वखारीवर धाड घालशील!"

"तुमच्याकडे चोरीचं लाकूड आहे का?"

"नाही!"

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतोय कोण? विचारतोय."

खारू विचार करून म्हणाली, "असलं तर घालीन."

आईने तोंडाला पदर लावला. तिला हसू आलं होतं की भीती वाटली होती, ते शेठना कळलं नाही. त्यांना मात्र जे कळायचं ते कळलं होतं. आपला धंदा या पोरीला आवडत नाही. झाडं तोडणाऱ्याची मुलगी म्हणून तिला लाज वाटते. ती तिथे जाईल, चार हिरव्या विचारांच्या माणसांत बसेल आणि बापाचा धंदा विचारला तर दुसरंच काहीतरी सांगेल. हे त्यांना मनापासून लागलं. पण लागलं असं सांगणं ही त्यांची रीत नव्हती. त्यांनी संस्थेवर संशय घ्यायला सुरुवात केली.

आधी फोन. पहिल्यांदा त्यांनी पालक म्हणून फोन केला आणि चारही अभ्यासक्रमांची माहिती विचारली. दुसऱ्यांदा आवाज जाड करून बाकं पुरवणारा कारखानदार म्हणून केला, वर्गात खरंच मुलं बसतात की नाही हे काढून घ्यायला. तिसऱ्यांदा नाकात बोलून "मी एक जागरूक नागरिक" अशी सुरुवात केली, तर पलीकडून ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काका, तुमचं आधीच्या दोन फोनांत समाधान झालं नाही का?" टकटकेशेठनी फोन ठेवला. संस्थेत माणसं सावध आहेत, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आता सावध नसती तर काय निष्कर्ष काढला असता, हे विचारू नका.

पण खरी किल्ली त्यांच्याच हातात होती. या शिक्षणात मुलांना कितीतरी आठवडे जंगलात तंबूत राहावं लागे, आणि त्यासाठी पालकाच्या सहीचं संमतिपत्र लागे. सही नाही तर प्रवेश नाही. आईची सही चालली असती, पण आई म्हणाली, "माझी सही घेऊन गेलीस तर हा माणूस जन्मभर ती सही तपासत बसेल. त्यांचीच घे." खारूने कागद पुढे केला.

"सही जागा बघून," टकटकेशेठ म्हणाले. "मुलाखतीला मी येणार. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

"या," खारू म्हणाली. "फक्त एक करा. वाजवायचं ते हळू वाजवा."

सकाळच्या बसने बापलेक निघाली. संस्था शहराबाहेर होती. फाटकापाशी वॉचमन बसला होता. वयाने टकटकेशेठएवढाच, खाकी शर्टाची कॉलर उसवलेली. त्याने नावं विचारली, दिशा दाखवली. टकटकेशेठनी फाटकाचा लोखंडी खांब हळूच वाजवला. भरीव होता.

आत लांबलचक व्हरांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना वर्ग. मुलाखतीला आलेली मुलंमुली आणि त्यांचे पालक बाकांवर बसले होते. खारूचा नंबर यायला वेळ होता. टकटकेशेठनी बाक वाजवला, दार वाजवलं, भिंतीवरचा फळा वाजवला. सगळं ठीक. खिडकीतून त्यांनी वर्गात डोकावून बघितलं. मुलं खरोखरच बसली होती. मागे रोपवाटिका होती, हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत रोपं ओळीने मांडलेली. प्रत्येक ओळीला पाटी. पाट्या चुकीच्या असतील म्हणून त्यांनी ओळखीची पानं शोधली, तर पाट्या बरोबर. एक विद्यार्थी नळी घेऊन पाणी घालत होता. त्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नोकऱ्या मिळतात का रे?"

"काहींना मिळतात, काका. काही पुढे शिकतात. काही घरी बसतात."

हे ऐकून टकटकेशेठ चिडलेच. खोटं बोलला असता तर पकडला असता. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? सकाळपासून डोंगर पोखरतायत आणि उंदीरसुद्धा निघेना!

तेवढ्यात खारूला आत बोलावलं. जाताना तिने मागे वळून बघितलं. टकटकेशेठनी "जा जा" अशी मान हलवली आणि इमारतीच्या मागच्या बाजूला वळले. संशयी माणसाला मागची बाजू नेहमीच जास्त आवडते.

मागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये सुतारांच्या लाकडी घोड्यांवर ओंडके मांडले होते. आणि त्यांतल्या निम्म्या ओंडक्यांच्या तोंडांना जाड, काळा, चकचकीत थर फासलेला होता.

टकटकेशेठच्या अंगातून वीज गेली. सापडलं! वर्ग खरे, पाट्या खऱ्या, नळीवाला पोरगा खरा, आणि मागच्या शेडमध्ये हे! तडे जाऊ नयेत म्हणून लाकडाच्या तोंडाला मेण किंवा डांबर लावतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कागदावरचं ज्ञान. बाजारात त्यांनी रंग बघितला होता तो तडे थांबवणारा नाही, तडे लपवणारा. मुलांना शिकवायला आणलेलं लाकूड सडकं निघालं असणार, ठेकेदाराने पैसे खाल्ले असणार आणि वर रंग फासून ठेवला असणार. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. टकटकेशेठ तर पाणीही फुंकून पीत.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. खिशातून चाकू काढला आणि पहिल्या ओंडक्यावर दोन फराटे ओढले, एकावर एक, तिरके. थर जाड होता, पण हात सरावाचा. आतलं लाकूड उघडं पडलं. स्वच्छ, ताजं, एक तडा नाही. त्यांनी पेरांनी ठोकलं. खणखणीत! दुसरा ओंडका. फराटे, ठोका. खणखणीत. मग तर त्यांना राग आला आणि त्यांनी तिसऱ्याचा थर अर्धाअधिक खरवडूनच काढला. तोही खणखणीत.

चाकू हातात तसाच राहिला. मग त्यांची नजर पलीकडच्या निम्म्या ओंडक्यांकडे गेली, ज्यांना थर नव्हता. त्यांची तोंडं गाभ्यापासून सालीपर्यंत फाटली होती. प्रत्येक ओंडक्याला नंबर होता, थराच्याही आणि बिनथराच्याही. घोड्यांच्या वर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र टांगलं होतं. कुणीतरी एकाच जातीचे, एकाच मापाचे ओंडके घेऊन, निम्म्यांना थर लावून, निम्मे उघडे ठेवून, धीराने बसून बघत होतं की काय होतं.

म्हणजे तो गोडबोल्या जे खोटं बोलला होता, ते इथे कुणीतरी खरंच करत होतं.

टकटकेशेठनी खरवडलेला काळा चुरा खालून उचलून पुन्हा जागेवर दाबायचा प्रयत्न केला. तो अर्थातच पडला. चाकू खिशात टाकून ते झपाझप व्हरांड्यात आले आणि एका बाकावर बसले. अंगठा काळा झाला होता. तो त्यांनी मुठीत लपवला.

फार वेळ गेला नाही. मागून एका मुलीचा आवाज आला, "बाई! बाई, लवकर या!" मग धावपळ. मुलाखतीच्या खोलीतून विभागप्रमुख बाई बाहेर आल्या, बाकीचे शिक्षक आले, रांगेतली मुलं आणि पालक उठले. खारूही आतूनच आली, तिची मुलाखत नुकतीच संपली होती. सगळा घोळका शेडकडे गेला. एकट्याने मागे बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून टकटकेशेठही गेले आणि शेवटच्या ओळीत उभे राहिले.

जिचा तो प्रयोग होता ती शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी तिथेच खाली बसली होती. "सत्र सुरू झाल्यापासून करत होते, बाई. आता या तिन्हींचे आकडे गेले." ती रडत नव्हती. रडली असती तर टकटकेशेठना सोपं गेलं असतं.

बाईंनी वॉचमनला बोलावलं. "मागच्या वेळी शेडमधली लाकडं तुम्ही जाळायला नेली होती. तेव्हा मी सोडून दिलं. हे पुन्हा तुम्हीच?"

"नाही हो, बाई! तेव्हा मला ठाऊक नव्हतं कसली आहेत. त्यानंतर मी हात लावलेला नाही."

"मग इथे दुसरं कोण येतं? या वेळी मला वर कळवावंच लागेल."

वॉचमन उसवलेल्या कॉलरला हात लावून उभा राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी सुरू झाली होती, आणि चोर मागच्या ओळीत उभा होता.

टकटकेशेठनी तोंड उघडलं. मग मिटलं. आता बोललो तर पोरीचा प्रवेश गेलाच. कोण घेणार अशा माणसाच्या मुलीला? वॉचमनचं काय, दोन शब्द ऐकून घेईल. नोकरी जाणार नाही. आणि गेली तर? नाही, जाणार नाही. स्वतःच्याच मनातला हा युक्तिवाद त्यांनी वाजवून बघितला असता, तर बद्द वाजला असता. पण तेवढं एक त्यांनी वाजवलं नाही.

खारू पुढे होऊन ओंडक्यांकडे बघत होती. तिने पहिल्याचं तोंड बघितलं, दुसऱ्याचं बघितलं. दोन तिरके फराटे, एकावर एक. वखारीत असे ओंडके तिने जन्मापासून बघितले होते. ती हळूच वळली आणि घोळक्यात बापाला शोधू लागली. नजर त्यांच्या चेहऱ्यावर थांबली, मग मुठीवर उतरली.

टकटकेशेठनी मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. गप्प राहा.

खारूने ती बघितली. मग ती बाईंकडे वळली.

"बाई, हे वॉचमनकाकांनी केलेलं नाही. हे माझ्या वडिलांनी केलंय."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. टकटकेशेठना आधी आला तो राग. घरचा भेदी! पोटची पोर, आणि भर चारचौघांत बापाला उभं केलं! खाऊपिऊ घातलं, ओंडक्यातून उचलून आणलं, आणि ही परतफेड! मग त्यांना दिसलं की तिचे कान लालबुंद झालेत. तिला हे सोपं गेलेलं नव्हतं.

"मूठ उघडा, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मूठ उघडली.

"का?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, सडकं लाकूड लपवलंय," टकटकेशेठ म्हणाले. "बाजारात तसं करतात."

"विचारायचं होतंत."

"विचारलं की माणसं खोटं सांगतात."

बाई म्हणाल्या, "थांबा. तो छत्र्यांचा ओंडका तुमच्याच वखारीतला ना?"

टकटकेशेठ चमकले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"आत्ताच ऐकला. हे का शिकायचंय, असं विचारलं तर हिने पहिलं वाक्य सांगितलं, 'माझे वडील लाकडाचे व्यापारी आहेत.' मग तो ओंडका. वडील म्हणायचे की आत चोर राहायचा. हिला शोधायचं होतं की खरं कोण राहायचं."

टकटकेशेठ खाली बघू लागले. आपला धंदा ही सांगणार नाही, असं त्यांनी किती दिवस मनात धरून ठेवलं होतं! तिने तो पहिल्याच वाक्यात सांगितला होता.

बाईंनी मात्र त्यांना सोडलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यांनी त्यांना त्या विद्यार्थिनीची माफी मागायला लावली. "राहू दे, काका," ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग टकटकेशेठ आपणहून वॉचमनसमोर गेले. माफी मागायची सवय नव्हती, शब्द अडखळत होते. "चूक माझी. मला कळत होतं, तुमच्यावर येतंय. तरी गप्प बसलो."

वॉचमनने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "बरं. पण आता फाटकापर्यंत मी तुमच्याबरोबर चालतो."

आणि तो खरंच चालला, एक पाऊल मागून, नजर यांच्या हातांवर. जन्मभर दुसऱ्यांवर पाळत ठेवलेल्या माणसामागून कुणी असं चालावं! एरवी त्यांनी भांडण काढलं असतं. आज मुकाट चालले. वाटेत त्यांनी कशालाही हात लावला नाही.

निघताना खारूने बाईंना विचारलं होतं, "माझा प्रवेश?" बाई म्हणाल्या होत्या, "उत्तरं तू दिलीस, त्यांचेच गुण मिळतील. बाकीचं सगळे शिक्षक मिळून ठरवतील." यातून काय घ्यायचं ते बापलेकींनी आपापलं घेतलं.

बसमध्ये टकटकेशेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी मान हलवली ती दिसली नाही का तुला?"

"दिसली."

"मग?"

"त्या काकांची नोकरी गेली असती, बाबा."

"आणि तुझी जागा?"

खारूचे डोळे भरले होते. "गेली तर गेली," ती म्हणाली, आणि मग दुसऱ्या बाजूला तोंड करून रडली. टकटकेशेठनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाजवायला बोटं उचलली गेली नाहीत, तळवा तसाच राहिला.

घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय झालं?"

"धाड पडली," टकटकेशेठ म्हणाले.

"अगंबाई! कुणावर?"

"माझ्यावर." पाणी प्यायले, तोंड पुसलं. "आणि पोरीने बापाकडे बघून सूट दिली नाही."

आईला काही कळलं नाही. पण नवरा चिडलेला नाही एवढं कळलं, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. टकटकेशेठ वखारीत बसायचे, पण ओंडके वाजवताना लक्ष नसायचं. एका विकणाऱ्याने तर "शेठ, बरं नाही का?" असं विचारलं. आपल्या चाकूच्या दोन फराट्यांनी पोरीचं आयुष्य कापलं की काय, या एकाच विचाराने त्यांना ग्रासलं होतं. छत्र्यांच्या ओंडक्यासमोर ते एकदा वाकून उभे राहिले आणि आत डोकावून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत मुंग्या होत्या, एका कडेला कोळ्याचं जाळं होतं आणि खारूने लहानपणी खिळ्याने कोरलेलं एक वेडंवाकडं घर होतं.

मग संस्थेतून फोन आला. खारूची निवड झाली होती, यादीत अगदी शेवटी. अभ्यासक्रम कोणता हवा ते सांगायचं होतं, आणि संमतिपत्र घेऊन यायचं होतं.

"पहिला," खारू फोनवर म्हणाली. "वनशास्त्र." बोलताना तिने बापाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तिने कागद टेबलावर ठेवला. पाठपोट बारीक अक्षरं. जंगलात किती आठवडे, साप चावला तर काय, तंबूत कोण, जबाबदारी कुणाची. टकटकेशेठ म्हणजे बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस. आईने त्यांचा चष्मा आणून ठेवला, शेजारी टेबललॅम्प लावला आणि आता तासभर तरी जेवण होत नाही, अशा हिशेबाने भाजीखालचा गॅस बंद केला.

टकटकेशेठनी चष्म्याला हात लावला नाही. खारूला विचारलं, "सही कुठे करायची?"

तिने बोट ठेवलं. त्यांनी केली.

आई बघतच राहिली. नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते तिने आधी बघितलं, आणि मग विचारलं, "अहो, वाचलंत का?"

"नाही."

"का?"

"तिने वाचलंय," टकटकेशेठ म्हणाले. "गॅस लाव."